पट्ट्यापायी बल्लारपूर

कुरखेड्याच्या बसस्टँडवरून निघालो तेव्हा सामान दोन पोत्यांचं होतं आणि माझी लेक मयुरी एक महिन्याची. तिच्या डाव्या खुब्याचा सांधा वाटीतून निसटलेला. ऑपरेशन टाळू म्हणून चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंनी खांद्यापासून पावलांपर्यंत मऊ पट्टे बांधले होते. टोंगळे म्हणजे गुडघे वर, पाय फाकलेले, थेट बेडकाचं पिल्लू. पट्टे दर आठवड्याला त्याच नीट करणार, आपण सोडायचे नाहीत. एवढ्या जिवाला दरवेळी कुरखेड्याहून बसमध्ये कोण हिंदळणार? म्हणून चंद्रपूरजवळचं बल्लारपूर. तीन महिन्यांसाठी जातो, असं गावात तुम्हा सगळ्यांना सांगून निघालो होतो. सतरा वर्षं झाली. गणित माझं शाळेपासूनच कच्चं.

महिन्याभरानं माय भेटायला आली. "काऊन बांधून ठेवलं लेकराले?" म्हणाली. माझी बायको सुमन नळावर गेली होती. मायनं पट्टे सोडले, तेल चोळलं, पाय ओढून सरळ केले आणि जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळले. आपण सगळे असेच गुंडाळले गेलो. मी काय केलं? पाय धरून दिले. मायसमोर माझं बापपण दहा मिनिटंही टिकलं नाही.

सुमन आली, बघितलं आणि खालीच बसली. "महिनाभर मी या पोरीले आंघोळ नाई घातली," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दिसलं, सांधा पुन्हा सरकला होता. आणखी सहा आठवडे पट्टा. नाही बसला तर प्लास्टर, नाहीतर ऑपरेशन. मायनं पदरात तोंड लपवलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. मोठं लेकरू कडेवर कसं घेता, ते दाखवा म्हणाल्या. मायनं माझी पिशवी कडेवर घेतली.

"कडेवर लेकराचे पाय फाकलेले, टोंगळे वर. माझा पट्टा तेच करतो, बाई. पाय सरळ गुंडाळले की सांधा निसटतो."

परतताना माय म्हणाली, "धानाचा रोवणा लोकं करून घेतीन. मी इथीच राहीन."

सहा आठवडे तिनं पट्ट्याचा पहारा केला. कोणाला हात लावू दिला नाही, मला तर मुळीच नाही. शेवटी सांधा वाटीत पक्का बसल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं, तेव्हा मायनं एकच विचारलं, "आता आंघोळ घालू?"

माय गावी परतली. मला इथल्या लाकूड डेपोत काम लागलं होतं, आम्ही राहिलो. आता मयुरी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते आणि मी कठडा धरून.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी अडखळतो. पण कुरखेड्याला गेलो की माय मला बाळंतिणींच्या घरी नेते. तिथं आता प्रत्येक बाळाचं फडकं कमरेखाली सैल, आत पाय मोकळे. "याच्या पोरीच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं," असं ती सगळ्यांना सांगते. पाय कोणी धरून दिले होते, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या तोंडावर मात्र आजवर एकानंही तो विषय काढला नाही. माणसाला याहून वेगळं घर काय लागतं?