पाच दिवसांची गोधडी

लग्नानंतर नाशिकला निघाले, तेव्हा नामपूरच्या स्टँडवर आईने माझ्या पिशवीत शेवटी कोंबली ती जुन्या लुगड्यांची गोधडी. पाळीचे पाच दिवस बाजूला बसायचं, तेव्हा अंगाखाली घ्यायची ती. "शहरमा गयी म्हणीसन सोडू नको," आई म्हणाली. मी मान हलवली आणि बस सुटली.

नाशिकच्या वन बीएचकेत बाजूला बसणार कुठे? गोधडी पलंगाच्या बॉक्समध्ये गेली. पाळी आली तरी मी सिन्नरला कंपनीत ड्युटीला जायचे, येऊन भाकरी टाकायचे. आईला फोनवर मात्र "हो, पाळते" सांगायचे. माहेरी गेले की मुकाट मागच्या खोलीत. तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या बाहेर पडल्यात, त्यांना हे नवीन नाही.

मागच्या उन्हाळ्यात कुरडया करायला माहेरी गेले. पाळी दहा दिवस लांबली होती. परतल्यावर टेस्ट करू, म्हणून कोणाला बोलले नव्हते. इकडे चुलीवर चीक चढला आणि मला डाग दिसला. मी खट्टू झाले. आईला म्हटलं, पाळी आली. "बाजूले बस, कुरडयासले हात नको लावू," ती म्हणाली. पोटात उजवीकडे कळ येत होती, पण पाळीत दुखतंच. अंगणात कुरडया वाळत होत्या. मला कोणी शिवलं नाही, मीही हाक मारली नाही. दुपारी खांदा दुखायला लागला. उठायला गेले आणि कोसळले. तेव्हा आईने मला शिवलं.

ती पाळी नव्हतीच. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती; खांदा दुखत होता तो पोटात साचलेल्या रक्तामुळे. नाशिकला ऑपरेशन झालं, उजवी नळी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी चार ते सहा आठवड्यांत येईल, पहिली जरा जास्त जाईल, तासाला पॅड भिजायला लागलं तर लगेच या. डावी नळी चांगली आहे, हेही त्यांनी सांगितलं.

मी कॅलेंडरवर खुणा करत बसले. ज्या पाळीचा आजवर वैताग यायचा, तिची वाट पाहत होते. आई मदतीला येऊन राहिली होती. स्वयंपाक करायची, औषधं द्यायची, त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढायची नाही. मीही नाही. मला राग होता, तिचा आणि माझाही. इतका, की ती गावी गेली तर बरं, असं वाटायचं.

अडतिसाव्या दिवशी पाळी आली. भरपूर, गाठींसकट. पोट दुखत होतं, तरी हायसं वाटलं. शरीर आपल्या रस्त्याला लागलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "गोधडी कोठे शे?"

मी काढून दिली. वाटलं, आता हॉलच्या कोपऱ्यात टाकेल.

तिने ती आमच्या पलंगावर अंथरली. मला निजवलं, शेजारी स्वतः आडवी झाली आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

"आते तरी सांग," ती म्हणाली, "कोठे दुखस?"

बाहेर पडलेलीचं घर कुठलं, नामपूर की नाशिक, असं तुम्ही विचाराल. मला एवढंच ठाऊक, की त्या दुपारी मी आईला सगळं सांगितलं. खांद्याचंसुद्धा.