कराची ते बसरा, बारा तास

पट्टीचं एक टोक मी नकाशातल्या कराचीवर धरलं, दुसरं बसऱ्यावर. काउंटरपलीकडून धोंडिबा धनगर मान उंचावून बघत होता.

"बाराशे मैल," मी म्हणालो. "विमान तासाला शंभर मैल जातं. म्हणजे बारा तास!"

मी भोरच्या पोस्टात कारकून होतो. विमानाची डाक तेव्हा नवी होती. निळी चिठ्ठी डकवलेलं पाकीट मुंबईहून कराचीला जाई आणि तिथून विमानानं पुढं. याच्या नियमांचं पुस्तक टेबलाच्या खणात होतं. मी ते उघडलं नव्हतं. नकाशा मात्र खुर्चीमागेच टांगलेला.

धोंडिबाची वाडी पालीच्या वर, डोंगरात. मुलगा म्हादू बसऱ्याच्या गोदीत कामाला, आणि त्याचंच लग्न ठरलेलं. बापाचा अंगठा असलेलं पत्र दाखवल्याशिवाय मुकादम रजा देणार नव्हता. महिनाअखेरची बोट चुकली, की मांडव नवरदेवाविना.

"भाऊसाहेब, वाटंत मुक्काम किती?"

"विमानाला कसले मुक्काम? ती काय मेंढरं आहेत?"

"तसं न्हाई. पानी पाजाया तरी थांबत आसंल."

मी पोट धरून हसलो.

"मग नवरीच्या मामाचा निरोपबी घालतो पत्रात. त्यो बाजाराच्या दिशी वेल्ह्यात गावंल. चार दिस थांबलं तर चालंल?"

"आठ थांबा!"

चार दिवसांनी तो पत्र देऊन गेला. पोस्टमास्तरांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं.

"हे आज? कराचीचं विमान आठवड्यातून एकदा सुटतं. या खेपेचं गेलं हातचं."

"पण साहेब, बारा तासांचा तर प्रवास..."

"कुणी सांगितलं? ते समुद्राच्या काठाकाठानं जातं, पेट्रोल घ्यायला उतरतं. अंधार पडला की मुक्काम करतं."

मुक्काम! माझे कान तापले.

"तार करू या?"

"तारेवर बापाचा अंगठा कसा उमटवणार?"

पत्र पोचलं तेव्हा बोट सुटून गेली होती. चूक सांगायला मी स्वतः वाडी चढून गेलो. धोंडिबानं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग म्हणाला, "म्या इचारलं व्हतं, भाऊसाहेब." एवढंच. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर गेलं. मुलीचा मामा रुसला, पण थांबला.

पुढचं पत्र मी खणातलं पुस्तक वाचून, मुक्काम मोजून धाडलं. म्हादू वेळेवर आला. आमंत्रण द्यायला धोंडिबा पोस्टात आला.

"लगीन सांजच्याला हाय. पर तुमी आदल्या दिशीच निघा."

नकाशावर भोर ते पाली जेमतेम केसभर अंतर. मी लग्नाच्याच दिवशी सकाळी निघालो. वाटेत दोनदा पाणी प्यायला थांबलो, एकदा वाट चुकलो, आणि पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत उठत होती.