विहीणबाईंचे शाकाहारी राज्य

ज्याच्या स्मरणावाचून आमच्या घरी लेखणी उचलली जात नाही त्या श्रीगजाननास आणि या नगरीचा भार वाहणाऱ्या श्रीसिद्धेश्वरास वंदन करून, आमच्या विहीणबाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त हे चार शब्द लिहावयास घेतो. समारंभ होणार नाही. "शाल-श्रीफळ घेऊन कुणी आलं तर दार उघडणार नाही, आधीच सांगते," असे त्यांनी बजावले आहे; आणि त्यांनी दार उघडायचे नाही असे ठरवले की ते उघडत नाही, हा अनुभव जुळे सोलापुरातील त्यांच्या इमारतीचे अध्यक्ष, एक विमा प्रतिनिधी, घर पाहायला आलेले एक गिऱ्हाईक आणि प्रत्यक्ष मी, अशा चौघांनी घेतलेला आहे. म्हणून सत्कार कागदावर करीत आहे. कागद दाराच्या फटीतून आत सरकवता येतो.

आरंभीच एक विधान करतो आणि ते मागे घेणार नाही. या भूतलावर आजवर जितके सेनापती होऊन गेले, त्यांत शत्रूवर जेवणाच्या वेळी चाल न करणारा, सैन्य उपाशी राहिले तरी मेंढी न कापणारा आणि राजधानी डोळ्यांदेखत जळाली तरी शरणागती न पत्करणारा सेनापती एकच झाला, आणि ती माझ्या कन्येची सासू आहे. हसणाऱ्यांनी हसावे. या वयात हाती जपमाळ असावी की माऊस, असे त्यांच्या इमारतीतल्या बायका विचारतात. आणि मी पाठशाळेत उभे आयुष्य काढलेला, त्रिकाळ नसली तरी द्विकाळ संध्या करणारा मनुष्य, म्हणून त्यांना चार समजुतीच्या गोष्टी मी सांगाव्यात अशी अनेकांची अपेक्षा असते. मी सांगत नाही. त्यांची जपमाळ सकाळीच होऊन गेलेली असते, हे मला ठाऊक आहे. हा लेख म्हणजे क्षमायाचना आहे असेही कोणी समजू नये.

या युद्धाचा आरंभ रागातून झाला. यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्या माळा आवरीत होत्या. तिथे मुलाचा जुना संगणक सापडला. मुलगा, म्हणजे आमचे जावईबापू, तेव्हा नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झाले होते. त्या यंत्रावर ते अकरावी-बारावीत लढाईचा एक खेळ खेळत आणि त्यापायी घरात रोज रणकंदन होई. विहीणबाईंनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून ते यंत्र सुरू करून घेतले. "ज्यानं माझ्या पोराचे बारावीचे मार्क खाल्ले, त्याचं तोंड तरी बघू की एकदा," असे त्या मला म्हणाल्या होत्या. तोंड पाहावयास बसल्या त्या संध्याकाळी दिवा लावायलाच उठल्या. आठवडाभराने त्यांनी मुलाला दूरध्वनी करून, शत्रू इतक्या लवकर घोडे कुठून आणतो, असे विचारले. त्या दिवशी जावईबापूंना जो आनंद झाला तो त्यांना माझी कन्या प्राप्त झाली तेव्हाही झाला नव्हता, असे माझ्या कन्येचेच म्हणणे आहे. त्यांनी तातडीने नवा संगणक आणि खेळाची नवी आवृत्ती धाडली, आणि रोज रात्रीच्या जेवणाआधी दूरध्वनीवरून आईची शिकवणी सुरू केली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुद्धिबळात जशी पाळीपाळीने खेळी असते तशी येथे नसते. आपण हनुवटीला हात लावून विचार करीत बसलो, तरी तिकडे शत्रू कामाला लागलेलाच असतो. प्रारंभी एक मुख्य इमारत, मूठभर गडी, थोड्या मेंढ्या आणि भोवती अंधार एवढेच हाती येते. गड्यांनी धान्य, लाकूड, सोने जमवायचे, त्यातून घरे, तट, सैन्य उभे करायचे आणि मग लढायचे. नवशिक्याचा पहिला धडा असा, की मुख्य इमारत क्षणभरही रिकामी बसू द्यायची नाही. एक गडी बाहेर पडतो आहे तोच पुढच्याची आज्ञा दिलेली असावी. हा धडा विहीणबाईंना शिकवावाच लागला नाही. चूल पेटलेली असताना तवा रिकामा ठेवणे हे त्यांच्या लेखी पूर्वीपासूनच पाप होते. कोणी गडी काम संपवून नुसताच उभा राहिला तर खेळात तशी खूण दिसते. ती दिसली की विहीणबाई म्हणत, "थोरले भावजी उभे बघा." त्यांचे थोरले दीर हयातभर ओसरीवर हात मागे बांधून उभे राहिले आणि इतरांची कामे पाहत आले, हे सर्व नातलगांस विदित आहे. मग त्या थोरल्या भावजींना खाणीत धाडीत. प्रत्यक्षात जे पन्नास वर्षे जमले नव्हते ते बोटाच्या एका टिचकीने होताना त्यांच्या मुखावर जे समाधान पसरे, ते मी देवळातल्या आरतीतही क्वचित पाहिले आहे.

मेंढ्यांचा प्रश्न मात्र बिकट झाला. आरंभीचे अन्न म्हणून त्या मेंढ्या दिलेल्या असतात. शहाणा खेळाडू त्या कापतो आणि पुढे जातो. विहीणबाईंनी साफ नकार दिला. जावईबापूंनी परोपरीने विनवले, की आई, ती चित्रे आहेत. त्यावर, "चित्रं असू देत. माझ्या दारात कापायची नाहीत," असे उत्तर मिळाले. त्यांचे गडी बोरे वेचीत आणि शेती करीत. मेंढ्या अंगणात निर्धास्त फिरत. यामुळे त्यांचे राज्य दर वेळी शत्रूच्या मागे पडे आणि ती उणीव त्या शेते वाढवून भरून काढीत. मध्यान्ही तासभर युद्धविराम हा असाच त्यांचा दुसरा नियम. शेतात जेवायला बसलेल्यावर हात टाकायचा नाही, असे त्यांनी ठरवले. पलीकडच्या यंत्राने हा धर्म कधीही पाळला नाही. त्यांनी पाळला, आणि त्या काळात जळालेली घरे जेवणानंतर पुन्हा बांधली.

हेरांविषयी मी नीतिशास्त्राच्या वर्गात आयुष्यभर बोलत आलो, परंतु हेर कामावर असलेला पाहिला तो त्यांच्या पडद्यावर. आरंभीच एक घोडेस्वार अंधारात फिरवून शत्रू कुठे आहे आणि काय बांधतो आहे ते पाहून यावे, हा दुसरा धडा. त्याने तबेले बांधले असतील तर आपण भालेवाले तयार करावेत. धनुर्धारी असतील तर ढालवाले. विहीणबाईंचा घोडेस्वार इतक्या तपशिलाने पाहून येई की एकदा मी न राहवून म्हणालो, हा शत्रूच्या घरची भाजीसुद्धा पाहून आलेला दिसतो. "मुलगी बघायला जाताना आम्ही असंच बघत होतो, शास्त्रीबुवा," त्या शांतपणे म्हणाल्या. मी वधूपिता असल्यामुळे चहाचा कप तोंडाला लावला.

त्यांचा खरा दोष निराळाच होता आणि तो सोलापूरकरांखेरीज कोणाला कळणार नाही. त्या साठवीत. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि आले तरी किती वेळ टिकेल हे सांगता येत नाही, तिथे पिंप रिकामे ठेवणारी बाई बेजबाबदार ठरते. त्यांच्या घरी पिंपे, पिंपांवर घागरी, घागरींवर तांबे भरलेले असत. आमच्या मुलांच्या लग्नानंतर त्यांच्याकडे सत्यनारायण झाला. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. शेवटच्या पंगतीला जिलबी पुरणार नाही या भीतीने त्यांनी ती अशी काही राखली, की कोणालाच दुसऱ्यांदा मिळाली नाही आणि पुढचे तीन दिवस सगळी कॉलनी जिलबी खात होती. हाच हात खेळात चाले. धान्य, सोने, लाकूड यांचे डोंगर साचत, सैन्य मात्र बेताचे. शत्रू येई आणि गाव लुटून जाई. अशा एका पराभवानंतर मी गेलो तेव्हा त्या ताठ बसून होत्या. म्हणाल्या, "हरले. पण कोठी भरलेली होती."

जावईबापूंनी दूरध्वनीवर हे ऐकले आणि एवढेच विचारले, "आई, मेल्यावर गहू काय करणार आहेस?"

त्यावर त्या दोन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तो मला घर चुकल्यासारखे वाटले. आहेरात आलेल्या, वर्षानुवर्षे पेटीत राहिलेल्या सोलापुरी चादरी सगळ्या पलंगांवर, खुर्च्यांवर होत्या आणि एक तर खिडकीलाही होती. पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्यांतून चहा आला. त्या स्वतः जरीकाठाची साडी नेसून मंडईतून मेथी घेऊन आल्या होत्या. शेजारणीने काही विशेष आहे का म्हणून विचारले, तर मेथी विशेष आहे असे सांगून त्या जिना चढल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांच्या राज्यात धान्य आले की त्याचे भालेवाले होत, सोने आले की घोडे होत, आणि सैन्य थोडे थोडे न पाठवता एकवट करून मगच निघे. त्या जिंकू लागल्या.

अशात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडले. हाड जुळले, पण पुण्याचा धीर सुटला. जावईबापू आणि माझी कन्या यांनी ठरवले, की आईंनी आता एकटे राहू नये. फ्लॅट विकावा आणि पुण्यास यावे. गिऱ्हाईकही पाहून ठेवले. विहीणबाईंनी त्या गिऱ्हाइकाला दार उघडले नाही. तेव्हा कन्येने मला गळ घातली, की बाबा, तुमचे त्या ऐकतील. मी रिक्षा करून गेलो. मुलांची काळजी रास्त आहे, पुण्यास नातवंडे आहेत, उतारवयात माणसाने माणसांत असावे, हे सारे मी यथाक्रम मांडले. त्यांनी ते पडद्यावरून नजर न हटवता ऐकून घेतले.

"त्यांची काळजी खरी आहे," त्या म्हणाल्या. "पण तिथं मी पाहुणी. किल्ली तुमच्या मुलीच्या कमरेला, आणि ती तिथंच असायला पाहिजे की. इथं किल्ली माझी आहे. त्याला म्हणावं, रविवारी एक डाव खेळ माझ्याशी. तू जिंकलास तर मी बॅग भरते. मी जिंकले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तो त्यांचा गुरू होता, अकरावीपासून खेळणारा. हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते माझ्याहून अधिक ठाऊक होते.

रविवारी त्यांची पूजा आटोपल्यावर डाव सुरू झाला. मी साक्षीदार म्हणून शेजारच्या खुर्चीत बसलो. दूरध्वनी टेबलावर उघडा ठेवलेला होता. त्या शिकवल्याप्रमाणे, किंबहुना त्याहून चांगल्या खेळल्या. एकही गडी उभा राहिला नाही, कोठी साचली नाही, तट वेळेवर उठला. जावईबापूंची पहिली चाल भालेवाल्यांनी परतवली, तेव्हा पलीकडून एक कौतुकाचा हुंकार आला. परंतु मुलाने कापलेल्या मेंढ्या आणि आईने राखलेल्या मेंढ्या यांतला फरक हळूहळू उघड झाला. तिसऱ्या चालीत तट फुटला. शेते जळाली, मुख्य इमारत कोसळली.

"आई, झालं आता," जावईबापू हळू आवाजात म्हणाले. "शरण ये. वर कोपऱ्यात बटण आहे."

"बटण दिसतंय मला. दाबणार नाही."

खेळाचा असा नियम आहे, की शेवटचा माणूस शिल्लक असेपर्यंत डाव संपत नाही. तट फुटताना त्यांचा एक गडी मागच्या दाराने निसटला होता. नकाशाच्या अगदी टोकाला दाट झाडी होती. तिथे त्यांनी त्याला नेले आणि रिकामा उभा राहू नये म्हणून लाकूड तोडायला लावले. आता शोध सुरू झाला. जावईबापूंचे घोडेस्वार सगळा मुलूख धुंडाळू लागले. विहीणबाई उठल्या आणि मला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असे ताट वाढले. स्वतः जेवल्या नाहीत. मी जेवत होतो आणि पुण्याहून घोडे धावत होते. मधेच कन्येने विचारले, की झाले का. तेव्हा दोन्हीकडून एकदमच नाही असे उत्तर गेले.

मग पडद्याच्या कडेला पहिला घोडा दिसला. त्याच्यामागून आणखी आले. झाडीपाशी येऊन ते थांबले. गडी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, पाठमोरा, लाकूड तोडीत होता. विहीणबाईंचा हात माऊसवर होता. त्यांनी गड्याला हलवले नाही. पळून जायला जागाही नव्हती. घोडेही पुढे सरकले नाहीत.

"आई," शेवटी जावईबापूंचा आवाज आला, "जेवलीस का?"

"तुझं आटपलं की जेवेन."

कुऱ्हाडीचा ठोका तेवढा ऐकू येत राहिला. आणि मग पडद्यावर अक्षरे उमटली, की प्रतिपक्ष शरण गेला आहे.

मी त्यांच्याकडे पाहिले. विजयाबद्दल अभिनंदन करावे की करू नये, हे मला सुचेना. त्यांनी ते ओळखले. "त्यानं सोडलं, ते त्याचं," त्या म्हणाल्या. "मी गेले नाही शरण, हे माझं." आणि पदराने चष्म्याची काच पुसून त्या स्वतःसाठी ताट वाढून घ्यायला उठल्या.

पुढच्याच आठवड्यात जावईबापू स्वतः आले, न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवली, खरबरीत फरशी घातली आणि परत गेले. विषय पुन्हा निघाला नाही. पण मी अधूनमधून जातो तेव्हा पाहतो, की आता ती दोघे एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. एकाच बाजूने यंत्राशी लढतात. पडद्यावर दोन गावे शेजारी शेजारी असतात आणि मधे तट नसतो. दिवस मावळायला येतो, खालून मुलांचा गलका ऐकू येतो, आणि पुण्याचा आवाज टेबलावरून सांगत असतो, की आई, उजवीकडे बघ, मी आहे. त्या उजवीकडे पाहतात. अशा वेळी मी चहा न मागता उठतो आणि दार हलकेच ओढून घेतो.

विहीणबाईंना उदंड आयुष्य लाभो. आणि वाचकहो, आपल्या घरी धान्याला बरकत व नळाला पाणी असो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या कमरेला त्यांची किल्ली त्यांच्या इच्छेइतके दिवस राहो. दूर गेलेल्या लेकरांना योग्य क्षणी थांबण्याची बुद्धी होवो. आणि आपल्या सर्व कुटुंबावर श्रीसिद्धेश्वराची छाया अखंड असो. इति शुभम्.