आरशातलं नाव

आईवडिलांनी नाव ठेवलं संघर्ष, आणि पोरगा निघाला असा की झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतो. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. नाशिकरोडला, जेल रोडवर त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि भिंतीला भिंत लागून माझं पार्लर. मॉडेलचा मेकअप मी करते, फोटो तो काढतो. दोघांचं मिळून बरं चाललंय.

त्याचे वडील नोटा छापायच्या प्रेसमध्ये कामाला होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो काढत काढत तो कॅमेरा शिकला. त्या गर्दीत, ढोलताशात, ट्रकच्या टपावर चढून फोटो काढताना त्याला कधी भीती वाटली नाही. एक माणूस समोर येऊन बसला की मात्र त्याच्या हाताला घाम सुटतो.

"गर्दी आपल्याकडे बघत नसते, चैतालीताई," तो मला म्हणाला होता. "एकटा माणूस बघतो. आणि विश्वासानं बघतो. त्याचीच भीती वाटते."

म्हणून त्याचे नियम फार. मुलगी एकटी आली असेल तर मला बोलावल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पदर, निऱ्या, केस मी नीट करायचे. त्याने लांबूनच हनुवटी वर, हनुवटी खाली एवढंच सांगायचं. पडद्यामागे कपडे बदलायची जागा आहे, तिथे कुणाचा मोबाईल राहिला नाही ना हे मी आत जाऊन बघायचं. कम्प्युटरवर तीळ पुसायचा तर आधी त्या मुलीला विचारायचं. मी चिडते. एका तिळासाठी फोन कशाला करायचा? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "तीळ तिचा आहे, माझा नाही."

पंचवटीत रंगनाथशेठचं साड्यांचं दुकान आहे. त्यांच्या जाहिरातीचे फोटो आम्ही करतो. या धंद्यात एक सोय असते: साडी दाखवायची, बाई नाही. फोटो ओठांच्या वर कापायचा. आम्ही त्याला मुंडकं उडवलेले फोटो म्हणतो. पुष्कळ मुली त्यासाठीच तयार होतात, कारण घरी कळत नाही. स्नेहलही त्यासाठीच आली होती.

स्नेहल सटाण्याकडची. शहरात एका दवाखान्यात कामाला होती आणि बायकांच्या वसतिगृहात राहत होती. उंच, सरळ खांद्यांची, साडी तिच्या अंगावर अशी बसायची की मला पिना कमी लागायच्या. पहिल्याच दिवशी तिने दोन अटी घातल्या. चेहरा दिसायला नको. आणि डाव्या मनगटावर गोंदलेलं नवऱ्याचं नाव दिसायला नको.

"मी घर सोडून आलेय," ती म्हणाली. "तो शोधतोय मला. सापडलीस तर जिवंत ठेवणार नाही असं सगळ्यांसमोर बोललाय तो. रागाच्या भरात नाही, जेवता जेवता."

संघर्षने मान डोलावली. मग तिने मनगट पुढे केलं. वणीच्या यात्रेत मशीनवर गोंदून घेतलेलं नाव होतं, आणि गोंदणाऱ्याने शेवटचं अक्षर चुकवलं होतं. 'राकेश'चं 'राकेष' केलं होतं, पोटफोड्या ष घालून. मी मेली अशी की मला हसू आलं. स्नेहलही थोडं हसली. संघर्ष मात्र त्या अक्षरांकडे बघत राहिला.

गोंदण झाकायला मेकअपचा जाड थर लागतो आणि तो मनगटाशी साडीच्या जरीला लागतो, म्हणून ते काम त्याच्याकडे. प्रत्येक फोटोतलं नाव तो कम्प्युटरवर पुसायचा, पुसलं की मला हाक मारायचा, मी बघून हो म्हटलं की पुढचा फोटो घ्यायचा. असं तीन-चार महिने सुरळीत चाललं.

घोळ झाला तो लग्नसराईच्या साडीत. शेठना काहीतरी वेगळं हवं होतं, म्हणून संघर्षने मोठा आरसा आणला आणि आरशातल्या स्नेहलचा फोटो काढला. नवरीसारखा हात दिसावा म्हणून मी मनगटापर्यंत मेंदी काढली होती. आरशात नाव उलटं पडलं, मेंदीच्या वेलीत मिसळलं, आणि ती अक्षरं आहेत हे त्याच्या डोळ्यांना कळलं नाही. माझ्याही नाही. दोघांनीही तो फोटो बघून पुढे पाठवला.

शेठचा लगेच फोन आला. "अहो, बाईचा पदर उजव्या खांद्यावर गेला की."

"शेठ, आरशात तसंच दिसतं."

"ते तुम्हाला कळतं हो, गिऱ्हाइकाला कुठं कळतंय? बायका हसतील. पालटून द्या."

पालटणं म्हणजे एक बटण. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. संघर्षने पदराकडे बघितलं, पदर योग्य खांद्यावर आला, फोटो पाठवून दिला. पदर सरळ झाला तसं आरशातलं नावही सरळ झालं होतं. तिकडे कुणी बघितलंच नाही.

मी पंचवटीत नणंदेकडे निघाले होते, तेव्हा निमाणी बसस्टँडसमोर मला तो फलक दिसला. दुमजली उंचीचा. मुंडकं उडवलेली स्नेहल, हिरवी साडी, आणि दाराएवढं मनगट. त्यावर मेंदीच्या वेलीत स्पष्ट, ठसठशीत: राकेष. निमाणीला सटाण्याच्या, वणीच्या गाड्या लागतात. आणि स्नेहलनेच सांगितलेलं होतं की तिचा नवरा पिकअपमध्ये डाळिंबं भरून मार्केट यार्डात येतो. यार्डातून बाहेर पडणारा माणूस या चौकातूनच जातो.

मी संघर्षला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "खाली माझं नाव आहे, ताई. नंबर पण." आयुष्यात त्याची एकच हौस होती, फोटोखाली कोपऱ्यात 'संघर्ष फोटो, जेल रोड' असं छापून घ्यायची.

शेठच्या हातापाया पडून, थोडं भांडून, संध्याकाळपर्यंत तो फलक उतरवून घेतला. मग स्नेहलला सांगितलं. ती म्हणाली, "उतरवलाय ना? मग झालं." तिच्या आवाजावरून कळत होतं की झालेलं नाही. त्यानंतर संघर्ष रस्त्यावर पिकअप थांबली की उठून उभा राहायचा. मी त्याला हसले नाही. मीही बघायचेच.

चार-पाच दिवस गेले, काही घडलं नाही, आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो. त्या दिवशी सकाळी स्नेहल पडद्यामागे होती. साडी नेसवून झाली होती, दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरून झाल्या होत्या, आणि मी तिच्या केसांत पिना लावत होते. बाहेर एक गाडी थांबली. कुणीतरी दारात चपला काढल्या.

"हा फोटो तुम्हीच काढला ना, दादा? खाली नाव हे तुमचं."

स्नेहलचं अंग ताठ झालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं समजलं. तिचे हात थरथरायला लागले, तशा बांगड्या वाजायला लागल्या. मी पिना खाली टाकल्या आणि तिचे दोन्ही हात बांगड्यांसकट माझ्या हातांत घट्ट धरून ठेवले. काचा माझ्या तळहातात रुतत होत्या. पडद्याच्या फटीतून मला बाहेरचं थोडं दिसत होतं.

धुतलेला पांढरा शर्ट, भांग पाडलेले केस, हातातल्या मोबाईलवर फलकावरची हिरवी साडी. आरडाओरडा नाही, शिवी नाही. मला तर कुणीतरी दारू प्यालेला, लाल डोळ्यांचा येईल असं वाटत होतं. हा चपला बाहेर काढून आला होता, त्यानेच माझा धीर सुटला.

"मनी बायको शे ती," तो म्हणाला. मग शहरातल्या माणसाशी बोलतोय हे ध्यानात येऊन त्याने वाक्य बदललं. "माझी बायको हे. हे नाव बघा. असं चुकीचं नाव दुसऱ्या कुणाच्या हातावर नाय."

संघर्ष खुर्चीत बसलेला होता. मला त्याची पाठ दिसत होती, आणि शर्ट पाठीला चिकटत चाललेला. मला वाटलं, संपलं. हा आता तोंड उघडणार आणि खरं बोलून बसणार.

"ही बाई नाहीच," संघर्ष म्हणाला. "कम्प्युटरनं बनवलेली आहे. आता सगळं असंच करतात. मॉडेल परवडत नाही."

"आन् नाव?"

"ते मी टाकलंय. गोंदण असलं की हात खरा वाटतो. मनात आलं ते नाव टाकलं. श कुठला टाकायचा ते मला कळत नाही. या रस्त्यावरचे फलक वाचा, सगळ्यात माझ्या चुका आहेत."

तो माणूस पुढे झाला. "दाखवा."

संघर्षने कम्प्युटरवर तोच फोटो उघडला. त्याचा आवाज कापत होता, पण हात चालत होता. मनगटावरचं नाव पुसलं. तिथे दुसरं टाईप केलं, सावळीराम. मग तेही पुसलं. त्या माणसाचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत येत होतं, जात होतं. तो वाकून बघत होता, इतका जवळ की संघर्षच्या मानेला त्याचा श्वास लागत असणार. आत स्नेहलने डोळे मिटून घेतले होते.

"जरा मोठा करा," तो म्हणाला. "मनगट नाय. त्याच्या वरती, कोपराकडं."

संघर्षने फोटो मोठा केला. तो माणूस बराच वेळ बघत राहिला आणि मग सरळ झाला.

"नाय," तो म्हणाला. "ती नाय ही. तिच्या हातावर इथं भाजल्याची खूण होती. एवढी. उलथन्याची. मीच दिली होती."

हे त्याने असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की भिंतीला तो खिळा मीच ठोकला होता. मी स्नेहलकडे बघितलं. ती खूण मला माहीत होती. ती मला म्हणाली होती की भाकरी करताना तवा लागला. मीच दर वेळी त्यावर फाउंडेशन लावत होते आणि उरलंसुरलं संघर्ष तिला विचारून कम्प्युटरवर सपाट करत होता. आम्हाला ते नुसतं कामातलं एक काम होतं.

तो माणूस लगेच गेला नाही. त्याने संघर्षचा मोबाईल मागून घेतला, स्वतःचा नंबर त्यात टाकला आणि म्हणाला, "फोटोवाल्यांकडं लय बायका येतात. अशी कुणी दिसली तर कळवा, दादा. मी येत असतो इकडं." मग चपला घातल्या. पिकअप सुरू झाली, वळली, गेली.

मी हात सोडले तेव्हा स्नेहलच्या मनगटावर बांगड्यांचे वळ उठले होते. ती पडदा सारून बाहेर गेली. नव्या साडीत, अर्ध्या पिना लावलेली. संघर्ष अजून खुर्चीतच होता.

"ऐकलंत ना, दादा?" ती म्हणाली. "तो काय म्हणाला ते?"

"ऐकलं."

"आधी मी घरी सांगत होते, त्यानंच डागलं म्हणून. माझी आई म्हणाली, तवाच लागला असेल. सासू म्हणाली, हिनेच लावून घेतलं. मग मीसुद्धा तवाच सांगायला लागले. आज त्यानं स्वतः सांगितलं. तुम्ही हे पोलीस स्टेशनात सांगाल का?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली तरी संघर्ष दचकला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. या माणसाकडे त्याचं नाव होतं, नंबर होता, दुकानाचा पत्ता होता, आणि तो त्याच्याशी धडधडीत खोटं बोलला होता.

"मी खोटं बोललो हे त्याला कळेल," तो म्हणाला.

"कळेल," स्नेहल म्हणाली.

"मग तो इथं येईल."

"येईल."

"मला फार भीती वाटते, स्नेहल."

"मलाही वाटते, दादा."

मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, कारण मला वाटलं तो आता नाही म्हणणार. त्याने टेबलावरचा कॅमेरा घेतला.

"हात धुऊन ये," तो तिला म्हणाला. "साबणानं. सगळं निघू दे."

तिने मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतला. दिव्याखाली धरला तेव्हा ती खूण मी पहिल्यांदा नीट बघितली. उलथन्याच्या पात्याचा कोपरा दिसत होता, सरळ कडेसकट. तवा गोल असतो. इतके महिने मी त्यावर बोटांनी रंग लावला आणि मला हे दिसलं नव्हतं.

पहिला फोटो हलला, दुसराही हलला. तिसऱ्यासाठी त्याने कॅमेरा स्टँडवर लावला. फोटो कम्प्युटरवर आला, मोठा झाला, आणि सवयीने त्याचा माउसवरचा हात त्वचा साफ करायच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या," स्नेहल म्हणाली. "आहे तसाच राहू द्या."

त्याने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

मग आम्ही शटर ओढलं. रिक्षात मी आणि स्नेहल आत बसलो, तो कडेला. पोलीस स्टेशन येईपर्यंत मागून येणाऱ्या प्रत्येक पिकअपकडे तो वळून बघत होता, आणि गाडी पुढे निघून गेली की रिक्षावाल्याला म्हणत होता, "चला, दादा, थांबू नका."