तळ्याकाठचे दरोडेखोर आणि मोठ्या बाईंचं शिबिर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मागाहून थोडा घाम फुटतो. खून, दरोडे, जाळपोळ हे सगळं नोकरीत पाहून झालं. पण इतकी घालमेल फार थोड्या प्रकरणांनी केली. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातले काही जण अजून रस्त्यात भेटतात आणि मला बघून मिशीवरून हात फिरवतात.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचं. सडक अर्जुनीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाणं म्हणजे कवेलूचं छप्पर, दोन खोल्या, एक कोठडी आणि दारात लिंबाचं झाड. दिवसभरात एखादी बैलचोरीची फिर्याद आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेली एखादी मारामारी, एवढंच काम.

अशा ठाण्यात एके दिवशी गोंदियाच्या मुलींच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका येऊन उभ्या राहिल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. दिवाळीच्या सुटीत वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन त्यांना आमच्या हद्दीतल्या तळ्याकाठी राहायचं होतं. तिथे साग-मोहाच्या झाडीत जंगल खात्याच्या लाकडी खोल्या होत्या, एरवी रिकाम्याच असत. बाईंनी सगळं योजून ठेवलं होतं. सडक अर्जुनीपर्यंत मोटारीने यायचं, पुढे बैलगाड्या करायच्या, स्वयंपाक मुलींनीच चुलीवर करायचा, आणि सकाळी पक्षी बघायला निघायचं तर कोणी केस विंचरत बसायचं नाही.

"पालक म्हणतात, पोलीस हो म्हणाले तर पाठवू," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही हो म्हणा."

"चौकशी करावी लागेल."

"करा की. मुली नकाशात तळं निळं रंगवतात, ठाणेदार. त्याच्या काठावर पहाट बघितलेली एकही नाही. यंदा नाही जमलं तर अर्ध्या मुलींची पुढच्या वर्षी लग्नं होतील."

मी मान डोलावली. अशी मान डोलावणं पोलीस खात्यात फार उपयोगी पडतं. त्याचा अर्थ हो होत नाही आणि नाहीही होत नाही.

आणि त्याच आठवड्यात खबर आली. आणली एका गाडीवानाने. तळ्याकडून संध्याकाळी येताना त्याने त्या खोल्यांमधून आवाज ऐकले होते. "सायेब, पाच-सात जन होते जी. एक जन म्हने, त्याले जित्ता सोडू नोका, अन् खजिना तळ्यापाशी आना. माहे बैल बी भेले."

बैल भ्यायले हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला खबरीवर विश्वास ठेवावाच लागला. रोजनाम्यात नोंद केली आणि हवालदाराला घेऊन सायकलवर तळ्याकडे निघालो.

खोल्यांच्या चौकीदाराने शपथेवर सांगितलं की चिटपाखरू फिरकत नाही. पण आत जमीन नाचून नाचून उखडल्यासारखी झाली होती आणि कोपऱ्यात विड्यांच्या थोटकांचा ढीग होता. चिटपाखरू विड्या ओढत नाही, एवढं ज्ञान मला होतं. आम्ही झाडीत दबा धरून बसलो. ऊन कलायला लागलं तसा एक धिप्पाड गडी पायवाटेने आला. तोंडाला दुपट्टा बांधलेला, काखेत गाठोडं. हवालदाराने त्याला धरलं. गाठोड्यात जरीचं लुगडं, काचेच्या बांगड्या आणि चांदीचे तोडे निघाले!

मला वाटलं, संपलं प्रकरण. मुद्देमालासह आरोपी. पंचनामा करून त्याला ठाण्यात आणला.

"हे लुगडं कोणाचं?"

"माह्या बायकोचं जी."

"मग जंगलात कायले घेऊन जाऊन राहिला?"

गड्याने तोंडावरचा दुपट्टा आणखी घट्ट केला.

"बरोबर कोण कोण असतात?"

"सांगता येत नाही जी. देवापाशी शपथ घेतली हाय."

"तोंड काऊन बांधलं?"

"दाढ दुखून राहिली."

चार प्रकारे विचारलं, उत्तरं तीच. माणूस सराईत वाटत नव्हता. सराईत चोर खोटं भरभर बोलतो. हा प्रत्येक शब्दाला घाम पुसत होता. पण गाठोडं समोर पडलं होतं, त्याचं काय करणार?

तोवर बातमी गोंदियाला पोहोचली. तळ्यावर दरोडेखोरांची टोळी सापडली म्हणे! एकेक पालक मुलीचं नाव काढून घ्यायला लागला. मोठ्या बाई तडक मोटारीने पुन्हा ठाण्यात आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. त्यांनी रागवायला हवं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. नुसत्या पदराशी चाळा करत होत्या. मला फार वाईट वाटलं.

लुगडं ओळखायला मी त्या गड्याच्या म्हाताऱ्या बापाला बोलावलं होतं. म्हातारा काठी टेकत आला. लुगडं सुनेचंच, तोडेही घरचेच, असं त्याने सांगितलं. म्हणजे चोरीचा माल नाही. मग ओळख पक्की करायची म्हणून मी आरोपीला तोंडावरचा दुपट्टा सोडायला लावला. तो सोडेना. हवालदाराने ओढला.

वरचा ओठ तुळतुळीत!

आमच्याकडे बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच. आणि इथे बाप समोर काठी घेऊन उभा.

"बाप मेला का रे तुहा?" म्हातारा कडाडला. "मी जित्ता आहो अन् तू मिशी काढून बसला? माही तेरवी बी करून टाकली का?" आणि काठी उगारली. आरोपीला पोलिसांनी वाचवायची वेळ आली.

तो टेबलाखालून ओरडला, "बाबा, मारू नोका! मी राणी बनतो जी! नाटकातली राणी!"

म्हाताऱ्याची काठी वरच राहिली. मग बाकावरून मोठ्या बाई खो खो हसायला लागल्या, आणि मलाही आवरेना.

हकिगत अशी होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत नाटक असतं. शेजारच्या गावचं नाटक त्याच वेळी उभं राहणार, म्हणून ह्यांचं कथानक आणि गाणी बाहेर फुटू नयेत यासाठी सगळ्यांनी देवापुढे शपथ घेतली होती. तालमीसाठी चौकीदाराला फितवून खोल्या उघडल्या होत्या. खजिना राजाचा होता, आणि जिवंत सोडायचं नव्हतं ते सेनापतीला. राणीला मिशी चालत नाही, म्हणून ती गेली आणि दाढदुखी आली.

चौकीदाराला दम देऊन सोडला. उरला तालमीच्या जागेचा प्रश्न, तो बाईंनी तिथेच निकालात काढला. शिबिर ठरल्या दिवशीच होणार, नाटकवाल्यांनी संध्याकाळी तिथेच, पण मुलींसमोर तालीम करायची, आणि मुलींनीही गुपित पाळायची शपथ घ्यायची. राणीने आढेवेढे घेतले. म्हातारा म्हणाला, "आता मिशी गेलीच हाय तं काम तरी चांगलं कर."

मी गोंदियाला जाऊन पालकांना सांगितलं की दरोडेखोर वगैरे कोणी नाही, माझी हमी आहे. सगळ्यात मागे बसलेले एक तांदळाचे व्यापारी उठले. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "साहब, आपकी अपनी बिटिया जा रही है क्या?"

माझी थोरली त्याच शाळेत होती, मावशीकडे राहून शिकत होती. तिने शिबिराचं विचारलं तेव्हा मी तिच्यापुढेही तशीच मान डोलावली होती. तळ्यावर कोणी दरोडेखोर नाहीत हे पुराव्यानिशी माहीत असूनही, हो म्हणणं मला जड गेलं. पण म्हटलं. व्यापाऱ्यांनी आपल्या मुलीचं नाव पुन्हा घालायला सांगितलं. मग बाकीच्यांनीही आपापल्या मुलींची नावं परत दिली.

त्या दिवशी मला एक कळलं. नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी कधी जाब विचारत नाही. मेळा बंद केला, जत्रा अडवली, तर हद्दीत शांतता राहिली म्हणून शेराही चांगला मिळतो. हो म्हणणाऱ्याला मात्र स्वतःचं काहीतरी पणाला लावावं लागतं. पुढे परवानगीचा अर्ज टेबलावर आला की मी आधी त्या जागी स्वतः जाऊन बघायचो, आणि मग मान न डोलावता तोंडाने उत्तर द्यायचो.

शिबिराहून थोरली परतली ती नाक उन्हाने सोललेलं, बोटं चुलीने भाजलेली, आणि आवाज बसलेला. मी आपला हौसेने विचारायला बसलो. नाटक कसं होतं? राणीने काम कसं केलं? शेवटी खजिना कोणाला मिळाला?

आयुष्यभर भल्याभल्यांना बोलतं केलेला मी. पोरीने गालातल्या गालात हसून सांगितलं, "बाबा, आमची शपथ आहे. पोलिसांना तर मुळीच सांगायचं नाही."