नागनाथला दिलेला सल्ला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय – ते मलाच धड ठाऊक नाही.

दुष्काळातली गोष्ट. मुरुमजवळच्या आमच्या गावात सोसायटीनं जनावरांची छावणी काढली होती. मी आणि नागनाथ, दोघं चारा वाटायला रोजंदारीवर. मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलेलो. सोसायटीत कारकुनाची कायम जागा निघणार होती – एकच.

त्याच सुमारास उमरग्याच्या स्टँडवर मी एक पुस्तक घेतलं. यशस्वी कसं व्हावं, असलं काहीतरी. रोज सकाळी आरशात बघून हसा, असं त्यात होतं. मी हसलो. आई म्हणाली, "दाढ दुखतीया का रं?" पुढचा सल्ला – भेटेल त्याचं कौतुक करा. मी चेअरमन अण्णांच्या धोतराचं केलं. काय लागलंय की काय म्हणून त्यांनी धोतर झटकून बघितलं.

मला त्या पुस्तकाचा काडीचा उपयोग झाला नाही. पण नागनाथचा विश्वास बसला. तो तोतरा होता. एरवी चालून जायचं, मोठ्या माणसापुढं मात्र पहिलंच अक्षर अडकायचं. बाकी सगळ्यात तो माझ्यापेक्षा सरस – हे मला कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला?

"त्यात बो-बोलण्याचं काय लिवलंय का?" त्यानं विचारलं.

होतं ना. सावकाश बोला, श्वास घ्या, अडलं तर थांबा. पान उघडंच होतं. आणि मी वाचल्यासारखं करून सांगितलं – "थांबायचं न्हाय. वरडून बोलायचं. डोळ्यांत डोळे घालून. नमस्कार करायचा न्हाय, त्यानं माणूस लहान दिसतो."

त्यानं पुस्तक बघायलासुद्धा मागितलं नाही.

मग तो छावणीत म्हशींपुढं उभा राहून ओरडायला लागला. "मी ना-ना-नागनाथ! मला ही जागा पायजे!" म्हशी कान हलवायच्या. मी चौघा मित्रांना कडब्याच्या गंजीमागं बसवून ते दाखवलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं आमच्या. नंतर मीच त्याला म्हणालो, "लई सुधारलास."

मुलाखतीला आधी त्याला बोलावलं. मी दाराबाहेर. आतून अण्णांचा आवाज आला – "हळू बोल. कुणापुढं उभा हाईस?" तो थांबला नाही. मीच सांगितलं होतं ना, थांबायचं नाही म्हणून? एकाच अक्षरावर अडकून तो ओरडत राहिला. संचालक हसायला लागले. मग मी आत गेलो, अण्णांच्या पाया पडलो, हळू आवाजात उत्तरं दिली. जागा मला मिळाली.

इथवरचं कदाचित गंमत म्हणून सांगितलंही असतं कधी. पण संध्याकाळी तो घरी आला – माझ्यासाठी पेढे घेऊन.

"माझं काय चु-चुकलं रं? तू सांगितलं तसंच केलं म्या."

तेव्हा तरी खरं सांगायचं. मी पेढा खाल्ला आणि म्हणालो, "तू मनापासून केलं न्हाईस."

"व्हय," तो म्हणाला. "तसंच आसंल."

पुढं तो सोलापूरला गिरणीत लागला. त्याची आई एकदा बाजारात भेटली, खुशीत होती. म्हणाली, "तिथं यंत्राचा आवाज लई. कुणाला बोलावंच लागत न्हाय म्हणतो."

"बरं झालं, मावशी," मी म्हणालो.