मानेसरच्या बसमधली बिलबचत

वीज वाचते की नाही देव जाणे, पण वीज वाचवण्याचे किस्से मात्र ढिगाने साठतात! निदान आमच्या बसमध्ये तरी. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही चौघं मराठी. मी क्वालिटीत, पटवर्धन पर्चेसमध्ये, इम्तियाज मेंटेनन्सला आणि शीतल डिझाइनला. आम्ही तिघं दिल्लीतून कंपनीच्या बसमध्ये चढतो, शीतल गुरुग्रामला चढते आणि शेवटची रांग भरते. जाम लागला की दीड तास कुठे गेला नाही. एवढ्या वेळात बोलणार काय? साहेबांबद्दल बोलायची सोय नाही, साहेबांचा पीए पुढच्याच सीटवर असतो. म्हणून मग घरची बिलं!

आता इतकी वर्षं झाली की कुठला किस्सा कोणाचा, यावरूनही भांडणं होतात. तरी जमेल तसे सांगतो.

*

पटवर्धन कंपनीत कोट्यवधींची खरेदी करतो, पण घरात एक बल्ब जास्त चालू दिसला तर त्याचा घास घशाखाली उतरत नाही. खोलीतून बाहेर पडताना दिवा, बेसिनपाशी नळ, चार्जर काढला की बटण. दिवसभर घरात एकच शब्द. काटकसर!

त्याची मुलगी ईरा दिल्लीतच जन्मली, वाढली. मराठी कळतं, पण शब्द मधेच हिंदीत घरंगळतात. शाळेत तिला ‘मेरे पिताजी’ असा निबंध आला. तिने मनापासून लिहिलं, “मेरे पापा घर में कोई काट-कसर नहीं छोड़ते.”

मॅडमनी ‘काट’वर लाल फुली मारली आणि पालकसभेत पटवर्धनचं भरभरून कौतुक केलं. “सर, आप बच्ची के लिए कोई कसर नहीं छोड़ते. आजकल ऐसे पापा कहाँ मिलते हैं!”

पटवर्धन लाजून खाली बघत होता. शेजारी बसलेल्या वृंदावहिनी म्हणाल्या, “सच है मॅडम. आज तक एक भी नहीं छोड़ी!”

*

माझा मेहुणा पुण्याचा. मे महिन्यात कामासाठी दिल्लीला आला आणि आमच्याकडे उतरला. पुण्याचा माणूस मे महिन्यात गार पाण्याने आंघोळ करायची म्हणून गारचा नळ सोडतो. त्याने सोडला. आतून किंकाळी आली!

मी बाहेरून ओरडलो, “अरे, गरमचा सोड, गरमचा!”

“भावोजी, आधीच भाजलंय! वर गरम कशाला?”

त्याला काय सांगणार? इथे गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात तापते, त्यामुळे उन्हाळ्यात गारच्या नळाला चहा करता येईल असं पाणी येतं. होळीनंतर आम्ही गिझर बंद करतो आणि रात्रभर तसाच भरून ठेवतो. सावलीतलं ते पाणी सकाळी छान निवलेलं असतं. म्हणजे गार पाणी हवं असेल तर गरमचा नळ. वीज शून्य!

मेहुण्याला हे फार आवडलं. चार दिवस मजेत आंघोळी केल्या, “दिल्लीवाले हुशार हं” म्हणाला आणि गेला.

पाचव्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन. सवयीने गरमचा सोडला होता!

*

हिवाळ्यात मात्र गिझरशिवाय इलाज नाही. इम्तियाजने आपलं डोकं लावलं. गिझर एकदाच तापवायचा आणि पाणी निवायच्या आत घरातल्या पाचही जणांनी एकामागोमाग आंघोळी उरकायच्या. त्याने बाथरूमच्या दारावर चक्क वेळापत्रक चिकटवलं. कंपनीत लाइनवर असतं तसं. माणशी सात मिनिटं सायकल टाइम!

सगळं सुरळीत चालू होतं, तेवढ्यात सोलापूरहून अम्मी आल्या. त्यांची पहिलीच दिल्लीची थंडी. गरम पाण्याखाली उभ्या राहिल्या की पंचवीस मिनिटं बाहेर येत नसत. मागे मुलं टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी, गिझर पुन्हा चालू.

आठवडाभर इम्तियाजने सोसलं. मग एकदा हळूच म्हणाला, “अम्मी, कंपनीत एक मशिन असं असतं की त्याच्यामुळे मागचं सगळं अडतं. त्याला बॉटलनेक म्हणतात. आपल्या घरात ते तू आहेस.”

अम्मी उठून आतल्या खोलीत गेल्या. इम्तियाजला वाटलं, दुखावली. दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी मिठाई घेऊन घरी गेला, तर अम्मी सोलापूरला मावशीशी फोनवर बोलत होत्या.

“अगं, इम्तियाजनं मला घरातली मोठी पोस्ट दिलीय! बॉटलनेक! मी हलल्याशिवाय मागची लाइनच हलत नाही म्हणे!”

*

शीतलची सोसायटी गुरुग्रामला, फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. तिथे लाइट गेली की दहा सेकंदांत जनरेटर चालू होतो. ऐकायला बरं वाटतं, पण त्या जनरेटरच्या युनिटचा रेट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आणि पैसे प्रीपेड मीटरमधून आपोआप कापले जातात. म्हणून तिच्या घरी प्रत्येकाला काम वाटून दिलंय. लाइट गेली रे गेली की सासूबाई फ्रीज, सासरे वॉशिंग मशिन, नवरा गिझर, नणंद एसी, शीतल मायक्रोवेव्ह. दहा सेकंदांत सगळं बंद!

या नणंदेला, म्हणजे प्राजक्ताला बघायला नोएडाचं एक मराठी कुटुंब आलं. मुलगा, आई, वडील. सोफ्यावर मंडळी बसली, प्राजक्ता पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, “आमची प्राजक्ता स्वभावाने इतकी शांत...”

आणि लाइट गेली.

वाक्य तिथेच टाकून सासूबाई उठल्या आणि धावल्या! सासरे दुसरीकडे. नवरा तिसरीकडे. प्राजक्ताने ट्रे मुलाच्या वडिलांच्या मांडीवर ठेवला आणि आतल्या खोलीकडे झेप घेतली. पाहुण्यांना काय कळणार? दिल्लीकडे राहणारी माणसं, सगळं घर एकदम पळायला लागलं म्हणजे अर्थ एकच. भूकंप! तिघंही दार उघडून जिन्याने खाली पळत सुटली.

शीतल मागून हाका मारत गेली. अकराव्या मजल्यावर मंडळी सापडली. धापा टाकत होती. मुलाच्या वडिलांच्या हातात ट्रे तसाच. शीतल ओशाळून म्हणाली, “काका, भूकंप नाही हो, जनरेटर!” आणि तिथेच जिन्यात सगळा हिशोब सांगितला. तिला वाटलं, जमत आलेलं स्थळ गेलं.

वडील ऐकत राहिले. मग शांतपणे परत वर आले, सोफ्यावर बसले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, “एसी कोणाकडे होता?”

प्राजक्ताने हळूच हात वर केला.

“आम्हाला पसंत आहे!”

*

पुन्हा पटवर्धन. मागच्या उन्हाळ्यात पारा असा चढला की बसच्या काचेला हात लाववेना. पटवर्धनचं घरच्यांना सांगणं, दुपारी तीनच्या आधी एसी लावायचा नाही. घरचे ऐकेनात. एक दिवस हा पठ्ठ्या दोन्ही एसींचे रिमोट बॅगेत टाकून मानेसरला!

दहा वाजता, चहाच्या सुट्टीत, वृंदावहिनींचा फोन. “रिमोट कुठे आहेत?”

“शोधा, सापडतील,” पटवर्धन म्हणाला आणि आमच्याकडे बघून डोळा मारला. वहिनींनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. खरं तर तेव्हाच त्याने घाबरायला हवं होतं.

संध्याकाळी घरी पोचला तर कुलूप. आत गेला, एसी बंद. फार समाधान वाटलं. आठ वाजता वहिनी आणि ईरा आल्या. हातात पिशव्याच पिशव्या. दोघींचे बूट, ईराचे तीन ड्रेस, एक इस्त्री. दोघी सकाळी अकरापासून मॉलमध्ये होत्या. तिथे छान गारवा असतो, जेवणही तिथेच, सिनेमाही तिथेच.

“बघा हं,” वहिनी म्हणाल्या, “दिवसभर एसीला हात लावला नाही!”

दुसऱ्या दिवशी पटवर्धनने दोन्ही रिमोट टीपॉयवर नीट मांडून ठेवले. नवे सेल घालून!

*

आता माझ्या घरचा. हा मी बसमध्ये सगळ्यात उशिरा सांगितला, कारण सांगायला जरा लाज वाटत होती.

आम्ही आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. नोकरी अनघाची, माझ्या बायकोची. घरी माझी आई असते. आमच्या बरोबर खाली मीनाक्षीचं कुटुंब, तमिळ. मीनाक्षी आणि अनघा एकाच मंत्रालयात, एकाच मजल्यावर. मीनाक्षीच्या सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात.

आई आणि अम्मा दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईने बाल्कनी धुतली आणि ते पाणी खाली अम्मांच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेलं. अम्मा खालून तमिळमध्ये बोलल्या. आई वरून मराठीत बोलली. एकीचा शब्द दुसरीला कळला नाही, पण अर्थ दोघींनाही पोचला!

उन्हाळ्यात दोन्ही घरांत दुपारभर एकेक म्हातारी आणि एकेक एसी. बिलं बघून अनघा आणि मीनाक्षीने डबा खाताना बेत केला. दोघींना एका खोलीत बसवू, एक एसी वाचेल. अनघाने आईला विचारून बघितलं.

“उकडून मरेन,” आई म्हणाली, “पण त्या घरात पाय ठेवणार नाही.”

मग अनघाने मला न सांगता एक गोष्ट केली. ऑफिसला जाताना मीटरच्या पेटीतला एसीचा खटका खाली पाडला आणि आईला म्हणाली, “एसी बिघडलाय. मेकॅनिक आठवड्याने येणार. फारच झालं तर खाली जा.”

मला तिने हे दुपारी फोनवर सांगितलं. मी चिडलो. आईला ब्लडप्रेशर, बाहेर आग ओतत होती. लगेच आईला फोन लावला. “आई, खाली जा ना.”

“मला उकडत नाही,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

अडीच वाजता पुन्हा लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. तिसऱ्यांदा नाही. लाइनवरून बाहेर आलो, इम्तियाजला म्हटलं, गाडी बघ, मी निघतो. अनघा मीटिंगमध्ये. शेवटी मीनाक्षीकडून नंबर घेऊन थेट अम्मांना फोन लावला.

“अम्मा, मैं ऊपर से सुहास. मेरी माँ फोन नहीं उठा रहीं, आप ज़रा...”

पलीकडून एकच शब्द आला. “स्लीपिंग!”

आणि फोन बंद!

मी जिन्यातल्या पायरीवर बसलो आणि एकटाच हसत सुटलो. इम्तियाज गाडीची चावी घेऊन आला, त्याला वाटलं, माझं काहीतरी बिनसलं.

त्या दिवसापासून आई रोज दीडला खाली. दोघी काय बोलतात, कोणत्या भाषेत बोलतात, आम्हाला काही कळलं नाही. हिंदी दोघींचीही यथातथाच. पण जून संपेपर्यंत आमच्या बाल्कनीत अम्मांचे पापड वाळायला लागले आणि खालच्या बाल्कनीत आईच्या कुरडया. दोन्ही घरांची बिलं इतकी उतरली की अनघा आणि मीनाक्षीने ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वतःलाच कॉफी पाजली.

मेकॅनिक कधी आला नाही. आईने कधी विचारलंही नाही.

नोव्हेंबर उजाडला. स्वेटर निघाले, पंखेसुद्धा बंद झाले. आई आपली रोज दीडला खाली! मला मनात खात होतं. आईला फसवलं ना आम्ही. एका रविवारी ती चपला घालत होती, तेव्हा म्हटलं, “आई, एक सांगायचंय. आपला एसी बिघडलेलाच नव्हता. अनघाने खटका पाडला होता.”

“माहीत आहे,” आई म्हणाली.

“माहीत आहे? कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. तुझा फोन ठेवला आणि खटका वर करून बघितला. लगेच गार हवा आली.”

“मग?”

आईने दुसरी चप्पल घातली. “मग काय, बंद केला परत. आणि गेले खाली.”